मिठाला जागणं

नीखार गावाबाहेर, भाजीपाला संघाच्या गच्चीवर
दक्षिणेकडे कलती केलेली एक लाकडी चौकट.
तिच्यावर चिमट्यांनी ताणलेल्या
प्लॅस्टिकच्या बत्तीस पट्ट्या, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.

कासिल्दा बेरेंगेल दर सोमवारी शिडी चढते
गुडघ्याला नावं ठेवत.
पहिली ओळ अळणी : नुसतं पॉलिथिन.
दुसरीत लोह, तिसरीत कोबाल्ट, चौथीत मँगनीज,
किलोमागे ग्रॅमभर, चरबीतल्या आम्लाशी लग्न लावून दिलेले.
कागदावर त्यांना क्षार म्हणतात.
ती मीठच म्हणते.

गोदामाच्या अंधारात हे मीठ झोपून असतं.
गुंडाळी वर्षभर तशीच, चकचकीत, निर्धास्त.
मग ती रानात अंथरली जाते
आणि जांभळ्याच्या पलीकडचं ऊन आत उतरतं.
लोह जागं होतं. शेजाऱ्याच्या ताटातला
एक इलेक्ट्रॉन उचलतं.
शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो,
न बोलावलेला ऑक्सिजन पंगतीत मधेच येऊन बसतो,
आणि हजारो कार्बनची साखळी
एका कडीशी तुटते.
मग दुसऱ्या.
बाहेरून काहीच दिसत नाही, आठवडेच्या आठवडे.

पाचवा सोमवार : लोहाची पट्टी ताणली, दुप्पट झाली, सोसलं.
नववा : कडेला बारीक तडे, भिंग लावून.
अकरावा : चिमटा काढतानाच दोन तुकडे.
कोबाल्ट तिच्याही आधी गेलं होतं.
अळणी पट्टी अजून फडफडतेय.
खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय
ते कासिल्दाच्या वहीत टक्क्यांत लिहिलेलं आहे.

मार्चमध्ये आफ्रिकेकडून धूळ आली.
कालिमा म्हणतात तिला इथे, रंग मात्र तांबडा.
सगळ्या पट्ट्या एकाच रंगाच्या झाल्या.
"आमच्या तातकडची माती," लाहसेन म्हणाला,
"मला तीन वर्षं लागली होती यायला."
कासिल्दा कोरड्या फडक्याने पुसत राहिली.
मातीतही लोह असतं. आकडे बिघडतील
ही तिची काळजी. ती बोलली नाही.

जुलैत कलिंगडं निघाली.
वाफ्यावरचं प्लॅस्टिक मधोमध विरलं होतं,
बुटाखाली वाळक्या पानासारखं वाजत होतं.
संघाच्या अध्यक्षांनी फोटो काढून घेतला.
मग लाहसेन वाकला, वाफ्याच्या कडेला बोटं खुपसली
आणि ओढलं.

वीतभर रुंद, चाळीस हात लांब,
कालच दुकानातून आणल्यासारखी कड.
मातीखाली दाबलेली, धडधाकट.
"हिला मीठ घालायला विसरलात?"
"घातलंय. ऊन पोचलं नाही तिथे."
तो ओढत राहिला. तिसऱ्या वाफ्यापर्यंत
त्याच्या खांद्यावर वेटोळ्यांचा ढीग झाला.

"आणि मधलं? ते गेलं कुठे?"
तिने चाळणी मागवली.
वर राहिले नखाएवढे तुकडे.
बारीक चाळणीत मसुराएवढे.
त्याहून बारीक चाळणीत चिमूटभर चमक.
मग खालच्या कागदावर नुसती माती पडली,
आणि ती बराच वेळ त्या मातीकडे बघत बसली.
वहीत या गोष्टीला रकाना नव्हता.

दूर कोरड्या नाल्यात शेळ्यांच्या घंटा.
लेवान्ते सुटायच्या बेतात होता.

लाहसेनने खांद्यावरची वेटोळी उतरवली,
बांधावर उन्हात एकेक कड पसरली,
प्रत्येकीच्या दोन्ही टोकांवर दगड ठेवला,
पापड वाळत घालावेत इतक्या निगुतीने.
"आता होईल जागं," तो म्हणाला.

तिला सांगावंसं वाटलं, की नको.
मग त्याच्या हातांकडे पाहिलं, फुटलेल्या नखांकडे,
आणि तिनेही एक दगड उचलला,
जरा मोठा बघून.